घरकामाच्या बाईचा रविवार

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची साप्ताहिक सुट्टी मिळाली ती 10 जून 1890 रोजी. मालकांच्या मनात दया उपजली म्हणून ती मिळालेली नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 च्या सप्टेंबरात कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजारांच्या आसपास कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला. रविवारी पूर्ण दिवस सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, मागच्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत हातात, आणि कामावर जखमी झालेल्या माणसाला बरा होईपर्यंत पगार, अशा त्यातल्या मागण्या होत्या. त्यानंतर जवळजवळ सहा वर्षे गेली. 24 एप्रिल 1890 च्या सभेला दहा हजारांच्या घरात कामगार जमले आणि दोन कामगार स्त्रियांनी तिथे भाषणे केली. ज्या काळात पांढरपेशा घरातल्या बायकाही चारचौघांत बोलत नसत, त्या काळात गिरणीत राबणाऱ्या दोन बायकांनी हजारोंच्या समोर उभे राहून विश्रांतीचा दिवस मागितला, हे महाराष्ट्राच्या इतिहासातले एक मोठे पान आहे आणि ते आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. पुढे दीड महिन्यात गिरणी मालकांच्या संघाने मागणी मान्य केली.

लोखंडे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक चळवळीतले. माणसाला विश्रांती हवी ती त्याच्या अंगात पुन्हा कामाचे बळ यावे एवढ्यासाठीच नव्हे, तर त्याला स्वतःचे म्हणून काही आयुष्य असते म्हणून, अशी त्यांच्या मागणीमागची समजूत होती. आज आपण जो रविवार सहज उपभोगतो, उशिरा उठतो, पोहे करतो, दुपारी झोपतो, त्याच्या मुळाशी हा झगडा आहे. आणि त्याच रविवारी सकाळी साडेसात-आठच्या सुमाराला आपल्या दाराची बेल वाजते, बाई आत येते, चपला बाहेर काढून सरळ मोरीकडे जाते आणि शनिवारी रात्रीच्या जेवणाची भांडी पुढ्यात घेते.

मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाला त्याची मूल्ये विचारली तर श्रमप्रतिष्ठा, समता, माणुसकी हे शब्द हमखास येतात, आणि ते खोटेपणाने येतात असे मी मानत नाही. शाळेत, घरात, व्याख्यानमालांत आपण ते ऐकत आलो आहोत आणि आपल्याला ते मनापासून पटलेले आहेत. प्रश्न आहे तो त्यांना आपल्या दिवसात जागा कुठे मिळते याचा. कचेरीत आपण स्वतः नोकर असतो, तिथले नियम दुसऱ्याने केलेले असतात. रस्त्यावर, बँकेत, रेल्वेत आपण नागरिक असतो आणि तिथेही बरेचसे दुसऱ्यांनी ठरवलेले असते. घर ही एकच जागा अशी आहे की जिथे आपण मालक असतो, समोरची व्यक्ती आपल्यापेक्षा दुबळी असते, कायदा फारसा काही सांगत नाही आणि बघायलाही कोणी नसते. एखादे मूल्य आपण खरोखर जगतो की नुसते बोलतो हे पारखायला याहून चोख जागा मिळायची नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ज्याला आपले आयुष्य विचारपूर्वक, मूल्यांना धरून जगायचे आहे त्याने सुरुवात आपल्या घरी काम करणाऱ्या बाईशी ठरवलेल्या अटींपासून करावी. त्यातली पहिली अट आठवड्यातून एक पूर्ण पगारी सुट्टी ही असावी. आणि जे आपण घरात पाळतो ते कायद्यात यावे यासाठीही आवाज उठवावा.

या बायका शहरात आल्या कुठून, हे ध्यानात घेतले तर प्रश्नाचे वजन अधिक कळते. 1972 च्या दुष्काळात मराठवाड्यातून, सोलापूर-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यातून कुटुंबेच्या कुटुंबे पुण्या-मुंबईकडे आली. पुरुष बांधकामावर, हमालीवर गेले आणि बायका धुण्या-भांड्याला लागल्या. त्यानंतर दहा वर्षांनी, 18 जानेवारी 1982 ला, मुंबईत गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते आणि त्यातल्या फार मोठ्या संख्येला पुन्हा गिरणीचे दार दिसले नाही. गिरणगावातल्या अनेक घरांत मग बायकांनी संसार सावरला. कोणी खानावळ चालवली, कोणी भाजी विकली, कोणी आसपासच्या नव्या इमारतींत घरकाम धरले. म्हणजे ज्या कामगारवर्गासाठी लोखंड्यांनी रविवार मिळवला, त्याच वर्गातल्या लेकी-सुना गिरणीबाहेर पडून आपल्या स्वयंपाकघरात आल्या तेव्हा त्यांचा रविवार गेला. ही गोष्ट मला फार अस्वस्थ करते, कारण तो रविवार कोणा दूरच्या भांडवलदाराने काढून घेतलेला नाही. त्या जागी आता आपण आहोत.

तिचा आठवडा कसा असतो ते जरा जवळून पाहू. कामाचे दर कामागणिक ठरतात: धुणे, भांडी, केर-फरशी, पोळ्या, वरकाम. एका घराच्या पैशांत भागत नाही, म्हणून चार-पाच किंवा त्याहून जास्त घरे धरावी लागतात. स्वतःच्या वस्तीत पाणी पहाटे येते, ते भरून, पोरांचे डबे करून ती निघते. पहिल्या घरी उशीर झाला की तो पुढच्या प्रत्येक घरी वाढत जातो आणि प्रत्येक घरी बोलणी खावी लागतात. दिवसभर साबणाच्या पाण्यात हात असल्याने बोटांच्या पेरांना चिरा पडतात; मिरचीचे वाटण लागलेले पातेले घासताना त्या किती झोंबत असतील, याचा विचार आपण क्वचित करतो. अनेक घरांत तास-दोन तास काम करणाऱ्या बाईला संडास वापरायची परवानगी नसते. ती सकाळपासून पाणीच कमी पिते. तिच्या चहाचा कप खिडकीच्या कडेला वेगळा ठेवलेला असतो. ज्या घरात हा वेगळा कप आहे, त्या घराने समतेविषयी काय वाचले आहे याला माझ्या लेखी काही किंमत नाही.

आणि रविवार. त्या दिवशी घरात सगळे असतात, नाश्ता वेगळा, जेवण वेगळे, पाहुणे आले तर कढया आणि परातींची भर. इतर दिवशी वीस मिनिटांत उरकणारी भांडी रविवारी पाऊण तास घेतात. काही घरे रविवारी संध्याकाळी येऊ नको म्हणतात आणि त्याला सुट्टी समजतात. पण सोमवारी सकाळी मोरीत दोन वेळची भांडी वाट पाहत असतात, दुधाचे पातेले कडेने वाळून घट्ट झालेले असते, आमटीचा रस्सा ताटांना चिकटून बसलेला असतो. काम सुटलेले नसते, ते फक्त दुसऱ्या दिवसावर गेलेले असते. सुट्टी देणे म्हणजे त्या दिवसाची भांडी घरातल्यांनी घासणे, हे जोवर मान्य होत नाही, तोवर सुट्टीच्या गोष्टी व्यर्थ आहेत.

याउलट आपल्याकडे पक्की रुजलेली गोष्ट आहे ती खाड्याची. स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या कालनिर्णयावर दुधाच्या हिशेबाशेजारी बाईच्या खाड्यांच्या फुल्या असतात. खाडा म्हणजे हक्क नसताना घेतलेली सुट्टी. ठरलेली सुट्टी नसल्यामुळे प्रत्येक वेळी तिला कारण द्यावे लागते, आणि ‘आज मी दमले आहे’ किंवा ‘मुलाबरोबर शाळेत जायचे आहे’ ही कारणे चालत नाहीत हे ती अनुभवाने शिकलेली असते. मग ताप येतो, नणंद आजारी पडते, गावाकडे कोणीतरी वारते. पुढे आपणच म्हणतो की या बायका खोटे बोलतात, न सांगता दांडी मारतात, यांना सुट्टी कशाला द्यायची. ज्या माणसाला खरे कारण सांगून सुट्टी मिळण्याची सोयच ठेवलेली नाही, त्याच्याकडून खरेपणाची अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची? जिथे सुट्टीचा वार ठरलेला आहे तिथे अवचित खाडे कमी होतात, असे माझ्या आजूबाजूच्या घरांत मी पाहिले आहे. दवाखाना, रेशन, बँक, माहेरची भेट या गोष्टी त्या वाराला लावता येतात.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो चांगल्या माणसांकडून येतो. ते म्हणतात, आम्ही आमच्या मावशींना घरच्यासारखे वागवतो. दिवाळीला एक पगार बोनस देतो, साडी देतो, मुलीच्या शाळेची फी भरली, नवऱ्याच्या ऑपरेशनला उचल दिली. या मदतीची किंमत मी कमी लेखणार नाही. अडचणीच्या वेळी मिळालेल्या पाच हजारांनी एखाद्या घरातले मूल शाळेत टिकते. पण औदार्याची एक मर्यादा आहे: ते कधी करायचे, किती करायचे आणि कधी थांबवायचे, हे सगळे देणाऱ्याच्या हातात राहते. उचल घेतलेली बाई पुढचे कितीतरी महिने पगारवाढ मागायला कचरते, तापात कामाला येते, ओरडा मुकाट्याने ऐकून घेते. घरच्यासारखे वागवणे हे तिच्यासाठी अनेकदा घरच्यासारखे राबणे होऊन बसते, कारण घरच्या माणसाला सुट्टी नसते, तास नसतात आणि हिशेब मागायची सोय नसते.

जोतीराव फुल्यांनी 1868 साली पुण्यातल्या आपल्या घराचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. त्या काळी तहानलेल्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतणारे भूतदयावादी लोक पुण्यात असतीलच. फुल्यांनी केले ते निराळे होते. हौदावर येऊन स्वतःच्या हाताने पाणी घेण्याची मोकळीक त्यांनी दिली, म्हणजे पाणी देणारा आणि घेणारा हे नातेच मोडून टाकले. त्यासाठी त्यांनी सरकारच्या ठरावाची वाट पाहिली नाही, कारण तो हौद त्यांच्या स्वतःच्या आवारातला होता आणि तिथे त्यांचा अधिकार चालत होता. मूल्य जगणे म्हणजे काय, याचे मला याहून नेमके उदाहरण सुचत नाही. आपला जिथे अधिकार चालतो तिथला तो अधिकार थोडा सोडून देणे, आणि पुढे मन बदलले तरी परत घेता येऊ नये अशा रीतीने सोडून देणे.

म्हणून मी मनाच्या चांगुलपणावर भरवसा ठेवण्यापेक्षा ठरवलेल्या अटींवर भर देतो. रविवारी सकाळी अचानक पाहुणे यायचे ठरले, घरात आजारपण निघाले, आदल्या रात्री उशीर झाला, अशा वेळी कितीही सज्जन माणूस फोन उचलून ‘आजच्या दिवस येऊन जाशील का’ असे विचारतो, आणि तिला नाही म्हणता येत नाही. निश्चय आयत्या वेळी करायचा म्हटला की सोय जिंकते. तो आधीच केलेला, दोघांनी मोठ्याने बोललेला आणि शक्य तर कागदावर उतरवलेला असेल तर सोयीला जागा कमी उरते. कोणता वार, कोणती कामे, किती पैसे, दर वर्षी किती वाढ, आजारपणाच्या किती रजा, काम बंद करायचे असल्यास किती दिवस आधी सांगायचे, एवढे एका पानावर मावते. नोकरीला लागताना आपण स्वतः हा कागद मागतो. तो न देणाऱ्या मालकाकडे आपण संशयाने पाहतो.

हे सगळे नवे आहे असेही नाही. 1980 साली पुण्यात घरकाम करणाऱ्या बायकांनी संप केला होता. पगारवाढ, भरपगारी रजा, दिवाळीचा बोनस या त्यांच्या मागण्या होत्या आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. आज दिवाळीचा बोनस आपल्याला रीतच वाटतो. तो रीत झाला त्यामागे या संघटित बायका आहेत. रजेचा प्रश्न मात्र तसाच राहिला, कारण बोनस वर्षातून एकदा खिशातून जातो, रजेच्या दिवशी मात्र आपल्याला स्वतःला मोरीपुढे उभे राहावे लागते.

इथे खरा पेच सुरू होतो, आणि घरकामाच्या बाईच्या सुट्टीवरच्या चर्चेत तो बहुधा टाळला जातो. साप्ताहिक पगारी सुट्टीने महिन्याचा खर्च वाढत नाही. जो पगार आज देतो तोच द्यायचा आहे. किंमत मोजायची आहे ती श्रमात, आणि ते श्रम घरात कोणाच्या वाट्याला येतात हे सगळ्यांना ठाऊक आहे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने 2019 साली देशभर केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत, एका दिवसात बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण सुमारे 81 टक्के आणि पुरुषांचे सुमारे 26 टक्के निघाले. आणि जे करतात त्यांतल्या स्त्रियांनी दिवसाला सरासरी 299 मिनिटे दिली, पुरुषांनी 97. बाईला रविवारची सुट्टी दिली आणि घरातल्या बाईने रविवार मोरीत घालवला, तर आपण एकीचा दिवस काढून दुसरीला दिला एवढेच झाले. नोकरी करणाऱ्या अनेक स्त्रिया बाईच्या सुट्टीला विरोध करतात तो निर्दयपणाने नव्हे. त्यांना माहीत असते की तो भार त्यांच्याच अंगावर येणार आहे. त्या विरोधाला उत्तर देण्याची जबाबदारी घरातल्या पुरुषांची आहे.

म्हणजे घरकामाच्या बाईची सुट्टी हा एकाच वेळी दोन मूल्यांचा प्रश्न आहे, वर्गाचा आणि स्त्री-पुरुष समतेचा, आणि दोन्ही एकत्रच सोडवावे लागतात. आमच्या घरात रविवार ठरला तेव्हा पहिल्यांदा बदलला तो रविवारचा स्वयंपाक. शनिवारी रात्रीची भांडी शनिवारीच आवरायची, रविवारी दुपारी खिचडी किंवा पिठले-भात असे एका-दोन भांड्यांत होणारे काही करायचे, ज्याचे ताट त्याने धुवायचे आणि कुकर, कढई, पातेली हे पाळीने पुरुषांकडे. पाहुणे यायचे असतील तर त्यांनाही हे माहीत असते. यात त्याग वगैरे काही नाही. कोकणात, देशावर कितीतरी साध्या घरांत जेवून उठताना आपले ताट आपण विसळण्याची पद्धत होतीच; शहरात पगारी बाई मिळू लागली आणि आपण ती सोडून दिली. मुलांच्या दृष्टीने मात्र या बदलाचा अर्थ मोठा असतो. श्रमप्रतिष्ठेवर निबंध लिहिणाऱ्या मुलाने वडिलांना दर आठवड्याला कढई घासताना पाहिले, तर त्या निबंधाला काही आधार राहतो.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. एका घराने रविवार दिला आणि बाकीच्या चार घरांनी दिला नाही तर तिला घराबाहेर पडावेच लागते. सुट्टी कागदावरच राहते. फार झाले तर एका घराची पाऊण तासाची सवलत मिळते. तेव्हा हा निर्णय एकेका घराने घेऊन पुरत नाही. घराघरांनी आपसांत बोलले पाहिजे, निदान एका इमारतीतल्या, एका गल्लीतल्या घरांनी तरी. आणि वार कोणता, हे तिला विचारून ठरले पाहिजे. बहुतेकींना रविवार हवा असतो कारण मुलांना शाळा नसते, नवरा घरी असतो, लग्ने-बारशी त्याच दिवशी असतात. लोखंड्यांनी रविवार मागताना तो खंडोबाचा वार असल्याचे कारण दिले होते. कामगाराच्या घरातले देवधर्म आणि सणवार यांनाही त्यांच्या हिशेबात जागा होती. कोणाला सोमवारची किंवा गुरुवारची सोय वाटली तर तीही मान्य करावी. अंथरुणाला खिळलेले वृद्ध, तान्हे मूल, घरात एकटी राहणारी आजी अशी जिथे रोजच मदत लागते, तिथे आळीपाळीने दुसरी बाई ठेवणे आणि तिच्या दिवसाचे वेगळे पैसे देणे हाच सरळ मार्ग आहे. रुग्णालये, अग्निशमन दल, रेल्वे यांत वर्षाचे सगळे दिवस काम चालते, तरी तिथल्या प्रत्येकाला सुट्टी असते. आपल्या घरातल्या कामाला याहून अधिक तातडी असते असे कोणी म्हणू शकेल असे मला वाटत नाही.

‘तिला स्वतःलाच सुट्टी नको असते, जास्त कामे हवी असतात,’ असेही ऐकू येते. हे काही बायकांच्या बाबतीत खरे आहे. पण तो विसाव्याला नकार नसतो. एक दिवस गेला तर पैसे कापले जातील, किंवा दुसरी बाई आपले घर पटकावेल, ही भीती त्यामागे असते. पगार न कापता आणि काम जाणार नाही अशा हमीने सुट्टी देऊ केली, तर ती नाकारणारी बाई मला अजून भेटायची आहे.

आता कायद्याकडे. कारखान्यांना साप्ताहिक सुट्टीचे बंधन 1891 च्या कायद्याने घातले. महाराष्ट्रात ठरावीक संख्येइतके किंवा अधिक कामगार असलेल्या दुकाने-आस्थापनांना 2017 च्या कायद्यानुसार आठवड्यातून सलग 24 तासांची विश्रांती द्यावी लागते. घरकामगारांसाठी महाराष्ट्राने 2008 साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला, आणि तो करणारे राज्य म्हणून आपल्याला अभिमान असावा. 18 ते 60 वर्षे वयाच्या घरकामगारांची नोंदणी, अपघातात मदत, प्रसूतीसाठी मदत, मुलांच्या शिक्षणासाठी मदत, अंत्यविधीचा खर्च अशा गोष्टी त्यात आहेत. पण हा कल्याणाचा कायदा आहे. सुट्टी, कामाचे तास, पगार यांबाबत घरमालकावर तो काही बंधन घालत नाही. आणि कल्याणसुद्धा नोंदणी झालेल्यांच्याच वाट्याला येते. 2021 च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेतल्या निर्बंधांच्या वेळी राज्य सरकारने घरकामगारांना दीड हजार रुपयांची मदत जाहीर केली, ती नोंदणीकृतांना. ज्या घरांत त्या वर्षानुवर्षे काम करत होत्या, त्यांनी अर्ज भरून द्यायला थोडी मदत केली असती तरी कितीजणींना ते पैसे मिळाले असते. आदल्या वर्षीच्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा काही घरांनी बाईचा पगार काम नसतानाही चालू ठेवला आणि अनेकांनी पहिल्याच महिन्यात थांबवला. दोन्ही प्रकारच्या घरांत मूल्यांची भाषा सारखीच होती.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 16 जून 2011 रोजी घरकामगारांविषयीचा 189 क्रमांकाचा करार संमत केला. आठवड्यातून सलग किमान 24 तासांची विश्रांती हे त्यातले एक कलम आहे. भारताने त्याला अजून औपचारिक मान्यता दिलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने 29 जानेवारी 2025 च्या निकालात घरकामगारांसाठी कायदेशीर चौकट असावी का, याचा विचार करण्यास समिती नेमण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. घर ही खाजगी जागा आहे, तिथे कायदा कसा घुसवायचा, असा प्रश्न यावर विचारला जातो. कायदा केव्हाच उंबरठा ओलांडून आत आलेला आहे. 10 ऑक्टोबर 2006 पासून 14 वर्षांखालील मुलांना घरकामाला ठेवणे बंद झाले. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा घरकाम करणाऱ्या स्त्रीसाठी घरालाही कामाचे ठिकाण मानतो. या दोन्ही वेळी खाजगीपणाची तक्रार झाली आणि दोन्ही वेळी ती मागे पडली, कारण खाजगी जागेतही काम करणारी व्यक्ती काम करणारीच असते.

तरीही कायदा होईपर्यंत थांबायचे, हे मला पटत नाही. गिरण्यांत आधी मालकांच्या संघाने रविवार मान्य केला आणि साप्ताहिक सुट्टीचा कायदा पुढच्या वर्षी आला. घरकामाच्या बाबतीत कायदा आला तरी तो पाळला जातो की नाही हे पाहायला लाखो घरांत कोणी अधिकारी जाणार नाही. आधी पुरेशा घरांत सुट्टी चालू असेल तरच कायद्याला अर्थ येईल, आणि कायदा आला तर आज ज्या घरांत बोलणेही शक्य नाही तिथल्या बाईला बोट ठेवायला काही मिळेल. दोन्ही कामे एकाच वेळी करावी लागतील.

सहकारी गृहनिर्माण संस्थांना दर वर्षी 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सर्वसाधारण सभा घ्यावी लागते. विषयपत्रिकेवर लेखापरीक्षण, गच्चीची गळती, पार्किंग, पाण्याचा टँकर हे विषय असतात, आणि बाईंच्या संदर्भात काही असेल तर ते ओळखपत्र, फाटकावरची झडती आणि कोणत्या लिफ्टने यायचे याविषयी असते. सभासदाने आधी लेखी कळवले तर त्याच सभेत आणखी एक विषय ठेवता येतो. इमारतीत काम करणाऱ्या सगळ्या बायकांना आठवड्यातून एक वार, त्यांच्याशी बोलून ठरवलेला, पगार न कापता सुट्टीचा राहील. त्या दिवशी फाटकावर कोणत्याही घराने कोणालाही कामाला बोलवायचे नाही. इमारतीत एक स्वच्छतागृह त्यांच्यासाठी उघडे राहील. कल्याण मंडळाच्या नोंदणीचे अर्ज संस्थेच्या कार्यालयात भरून मिळतील. आणि लिफ्टविषयीची पाटी काढली जाईल. एवढा ठराव मांडायला सूचक आणि अनुमोदक असे दोघे पुरतात.